थट्टेची दोन मिनिटं

रबरी बाई मंगळवारी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी मेली, आणि ती मरत होती तेव्हा आम्ही हसत होतो.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कोणी शहाणी समजायला नको.

बाई राजधानीहून, सुव्हाहून, बोटीने आमच्या बेटावर आली होती, दोन काळ्या पेट्यांत. तिच्यासोबत टाउन्सव्हिलची ब्रॉनविन नावाची उंच सिस्टर, उन्हाने नाक सोललेली. तिने बाईला आमच्या टेबलावर झोपवलं, नळ्या जोडल्या, आणि शेजारच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून बसली. तिथून ती बाईची नाडी वाढवायची, रक्तदाब पाडायची, छाती हलवायची आणि थांबवायची. वर कोपऱ्यात कॅमेरा. थिएटरमधल्या माणसांनी ऐन संकटात एकमेकांशी कसं बोलावं, कसं वागावं, याची ही तालीम. "या बाईला खरी समजा," ती म्हणाली. "हिला नवरा आहे, मुलं आहेत."

मला पहिल्या मिनिटापासून राग आला होता. सव्वीस वर्षं मी या थिएटरात वावरतेय. खऱ्या बायका, खरी पोरं, खरं रक्त. आता रबराची बाहुली मला शिकवणार?

माझं नाव तोरिका. मी फिरती सिस्टर. म्हणजे ऑपरेशनला हात न लावता बाकी सगळं करणारी: गाऊनच्या गाठी बांधायच्या, पाकिटं फोडायची, सांडलेलं उचलायचं. आणि याशिवाय माझं एक काम होतं जे कुठल्याच कागदावर नव्हतं. मी विनियानाचं तोंड होते.

विनियाना आमची हत्यारं देणारी सिस्टर. भुलीचे डॉक्टर इसिकेली. हे दोघे चुलत भाऊबहीण, एकाच गावात, एकाच चुलीवर वाढलेले. आणि आमच्याकडे चुलत काय, सख्खे काय, वयात आलेल्या भावाबहिणीने एकमेकांशी बोलायचं नसतं. तांबू. त्यात भांडण नाही, राग नाही, उलट मानाची परिसीमा आहे. बहिणीसाठी भाऊ जीव टाकेल, पण तिला "मीठ दे" म्हणणार नाही. चार वर्षांपूर्वी आधीचे भुलीचे डॉक्टर न्यूझीलंडला निघून गेले, त्यांच्या जागी इसिकेली आला, आणि एकाच टेबलाच्या दोन टोकांना हे दोघे उभे राहिले. एका शब्दाशिवाय.

मी मात्र इसिकेलीची मामेबहीण. माझं नातं नेमकं उलटं. आते-मामे भावंडांनी एकमेकांची थट्टा करायचीच असते, न केली तर लोक विचारतात, बिनसलं का? त्याला मी वाटेल ते बोलावं, त्याने मला वाटेल ते सुनवावं. आणि त्याची बहीण ती माझी नणंद, मग प्रत्यक्षात लग्न झालेलं असो वा नसो. तेव्हा विनियानाने मला सांगायचं, "वहिनी, सांग त्याला, पेशंटचं पोट घट्ट वाटतंय." मी थट्टेच्याच सुरात सांगायची. तो मला उत्तर द्यायचा, मी ते तिच्यापर्यंत न्यायची. चार वर्षं बिनबोभाट चाललं. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

तर मंगळवार. ब्रॉनविनने सांगितलं होतं की बाईचं रक्त खूप गेलंय, पोट उघडलंय, आणि मशिनचा अलार्म बिघडलाय. सर्जन डॉक्टर नंदन मान खाली घालून नेहमीसारखं गुणगुणत होते. इसिकेली पाठ वळवून सिरिंजमध्ये औषध भरत होता. त्याच क्षणी बाईच्या तोंडातली श्वासाची नळी मशिनच्या पाइपापासून सुटली. कापडाच्या आड, खांद्याजवळ. विनियाना जिथे उभी होती तिथूनच तेवढं दिसत होतं.

"वहिनी," ती म्हणाली, "नळी सुटली. सांग त्याला."

मी इसिकेलीकडे वळले आणि म्हणाले, "अरे ए नवरदेवा! तुझी रबरी बायको श्वास घ्यायला कंटाळली बघ, तुझ्या तोंडाच्या वासाने!"

नंदन खुदकन हसले. इसिकेली पाठमोराच म्हणाला, "तिला म्हणावं, मामाची पोर अजून आशेवर आहे, जागा अडवून ठेवू नकोस!"

मग मी हसले. खूप हसले. निरोप पोचला, असं मला वाटलं. मी खाली पडलेलं पाकीट उचलायला वाकले.

"वहिनी, सांग ना त्याला!" विनियानाचा आवाज चिरकला.

"सांगितलं की गं. ए इसिकेली, नणंदबाई ओरडताहेत, बायकोकडे बघ जरा!"

"बघतो, बघतो. जेवायला काय घातलंस तिला, कच्चा कसावा?"

तो वळला तेव्हा बाईचे ओठ निळे झाले होते. त्या रबरात तशी सोय होती. मशिनवरची रेघ सरळ झाली. दारातून ब्रॉनविन आत आली, आणि तिच्या मागून मेट्रन उनाइसी. मेट्रनना बघून माझं हसू तोंडातच अडकलं.

दुपारी जेवण झाल्यावर सगळ्यांना बसवून कॅमेऱ्यातलं दाखवलं. ब्रॉनविन कोणावर चिडली नाही. तिने फक्त पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ लावलं. नळी सुटली, शून्य. विनियाना बोलली, चौथा सेकंद. इसिकेलीचा हात पाइपाला लागला, दोन मिनिटं दहा सेकंद.

"चौथ्या सेकंदाला सिस्टरला दिसलं," ब्रॉनविन म्हणाली. "मग ती डॉक्टरांशी थेट का बोलली नाही? ते हातभर अंतरावर होते."

इसिकेली जमिनीकडे बघत होता, विनियाना खिडकीबाहेर. आमच्या घरातल्या गोष्टी परक्या बाईला कोणी सांगायच्या? आणि भावासमोर बहिणीबद्दल बोलायचं कसं? मी बोलू शकले असते. माझ्या तोंडाला तर कुलूप नव्हतं. पण पडद्यावर माझंच तोंड दिसत होतं, मास्कच्या वर डोळे बारीक करून हसणारं.

मेट्रन उठल्या. त्यांना सगळी नाती ठाऊक, त्याही आमच्यातल्याच. पण त्यांचा अहवाल सुव्हाला जातो, आणि त्यात तांबू म्हणून रकाना नसतो.

"विनियाना, हे दुसऱ्यांदा झालं," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षी अतेथाच्या वेळी चौकशीत तुला विचारलं, तू डॉक्टरांना सांगितलंस का? तू म्हणालीस, नाही. तो शेरा तुझ्या फायलीत आहे. उद्या परत तालीम आहे. उद्याही असंच झालं, तर सोमवारपासून तू थिएटरात नाहीस."

तर तो शेरा अतेथाच्या ऑपरेशनचा होता!

अतेथा बाजारात दालोचे कंद विकते. तिच्या पोटाच्या ऑपरेशनच्या वेळी असाच पाइप सुटला होता. शुद्धीवर यायला तिला दोन दिवस लागले आणि डावा हात कायमचा अधू झाला. चौकशी झाली तेव्हा मी बहिणीच्या मातीला ताव्हेउनीला गेले होते. मला कोणी विचारलं नाही. विनियानाच्या फायलीत काहीतरी शेरा आहे हे मला माहीत होतं. कशाबद्दल, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या दिवशी विनियानाने मला निरोप दिला होता, आणि मी इसिकेलीला काय म्हणाले होते ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. कारण ती थट्टा मी नंतर दोन लग्नांत आणि कितीतरी बैठकांत सांगितली होती. लोक पोट धरून हसले होते.

आणि अतेथा दर शनिवारी माझ्या पिशवीत दोन कंद जास्त टाकते. "तू होतीस ना तिथे," म्हणते.

ड्यूटी संपल्यावर मी तडक इसिकेलीच्या घरी गेले. तो ओट्यावर चटई टाकून बसला होता.

"या, या!" तो म्हणाला. "नवऱ्याने हाकललं की काय?"

"इसिकेली, मला काही सांगायचंय. अतेथाचा हात आपल्यामुळे गेला."

"तुझ्यामुळे तर माझे केस पण गेले."

"मी थट्टा करत नाहीये रे."

"हो, आणि मी पाद्री आहे." तो खो खो हसला. "बस, चहा घे. चेहरा बघ कसा केलाय, बुडालेल्या कोंबडीसारखा!"

मी तीनदा प्रयत्न केला. तीनदा तो हसला. त्याचा तरी काय दोष? पन्नास वर्षांत मी त्याच्याशी एक वाक्य सरळ बोलले नव्हते. मला रडू यायला लागलं, आणि मी रडले तर तो म्हणणार होता, वा, नाटक छान जमलं. मी उठले आणि निघाले. मागून त्याने काहीतरी ओरडून सांगितलं, तेही गमतीचंच असणार.

कोपऱ्यावरच्या दुकानातून मी, आम्ही कुटून पितो त्या यांगोनाच्या मुळांची जुडी घेतली, वर्तमानपत्रात बांधलेली. मोठी घेतली. परत आले तेव्हा ओट्याच्या पायरीपाशी चपला काढल्या, वाकून आत गेले, चटईच्या खालच्या टोकाला मांडी घालून बसले, आणि जुडी त्याच्यासमोर ठेवली. ओंजळीने तीनदा टाळी वाजवली.

त्याचं हसू तिथल्या तिथे विझलं. माफी मागायला किंवा मोठा निरोप द्यायला जुडी ठेवतात, आणि ती समोर आल्यावर कोणी हसत नाही. मुळं ठेवून थट्टा करणारा माणूस आमच्या बेटावर अजून जन्मला नाही.

"तुमच्या घरासमोर, तुमच्या वडीलधाऱ्यांसमोर हे माझं लहानसं ठेवते," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला तुम्ही म्हणाले. "मी निरोप घेऊन आले आहे. हा मी मागच्या वर्षीच द्यायला हवा होता. अतेथाची नळी सुटली तेव्हा तुमच्या बहिणीने ते लगेच पाहिलं. लगेच सांगितलं. मी तो निरोप थट्टेत बुडवून तुमच्यापर्यंत आणला. तुम्ही हसलात, कारण मी हसवलं. आज पुन्हा तेच झालं. शेरा तुमच्या बहिणीच्या नावावर आहे. सोमवारी तिला काढतील."

त्याने हात पुढे करून ती स्पर्शून घेतली. घेतली म्हणजे निरोप ऐकला.

"तिने चौकशीत 'नाही' का सांगितलं?" त्याने हळू विचारलं.

"तिने तुला सांगितलं नव्हतंच ना. मला सांगितलं होतं. माझं नाव घेतलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता की डॉक्टरांनी ऐकून काय केलं."

त्याने डोळ्यांवर हात ठेवला. मोठा, जाडजूड माणूस, रग्बी खेळलेला, आणि त्याचे खांदे हलत होते. मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण जुडी मध्ये होती.

"उद्या तू आत नको," शेवटी तो म्हणाला. "राग मानू नकोस."

मानला. मुकाट्याने मानला.

बुधवारी इसिकेलीच्या सांगण्यावरून ब्रॉनविनने मला रक्ताच्या पिशव्या आणायला पाठवलं आणि परत आल्यावर आत सोडलंच नाही. शेजारच्या खोलीत तिच्या कॉम्प्युटरपाशी उभं केलं. मेट्रनही तिथेच होत्या, हाताची घडी घालून. पडद्यावर थिएटर दिसत होतं, बारीक आवाजही येत होता. माझा कोपरा रिकामा होता.

तालीम सुरू व्हायच्या आधी इसिकेली रबरी बाईच्या डोक्याशी वाकला. तिच्या कपाळावर हात ठेवला आणि मोठ्याने, अगदी प्रार्थनेसारखं म्हणाला, "बाई, मी इसिकेली. तुला झोपवतोय. झोपेत तुला जे दिसेल ते तू मला सांगायचं. तुझ्या वतीने कोणीही बोललं, तरी ते तूच बोललीस असं मी समजेन. आणि मी तुझं ऐकेन."

हत्यारांच्या ट्रेवर विनियानाचे हात थांबले. तिने मान वर केली नाही. मग हात पुन्हा चालू झाले.

"हे काय चाललंय?" मेट्रननी विचारलं.

"थांबा जरा," मी म्हणाले.

नंदननी पोट उघडलं. इसिकेलीने पाठ वळवून सिरिंज हातात घेतली. ब्रॉनविनने एक कळ दाबली, आणि पडद्यावर मला दिसलं की खांद्याजवळचा पाइप सुटून खाली लोंबतोय.

एक. दोन. विनियानाला दिसलं. तिचं डोकं झटकन फिरलं, आणि कुठे, तर माझ्या कोपऱ्याकडे. चार वर्षांची सवय. तिथे कोणी नव्हतं. पाच. तिचे डोळे खोलीभर फिरले, दाराकडे गेले, परत आले. सात. तिचा मास्क आत ओढला गेला आणि तसाच राहिला, श्वास अडल्यासारखा. "बोल गं," मी म्हणाले. "बोल गं बाई, बोल!" मेट्रननी माझा दंड धरला, कारण मी दाराकडे निघाले होते. नऊ. दहा.

विनियाना पुढे वाकली. रबरी बाईच्या चेहऱ्याकडे बघून, खणखणीत आवाजात म्हणाली, "बाई, तुझी नळी सुटलीय! डाव्या खांद्याजवळ!"

इसिकेली वळला. बहिणीकडे त्याने बघितलं नाही. त्याचे हात थेट पाइपावर गेले. "ऐकलं, बाई. जोडली. छाती हलतेय का तुझी?"

"हलतेय, बाई. दोन्ही बाजूंनी."

"ओठ?"

"लाल होताहेत."

सतरा सेकंद. नंदनचं गुणगुणणं थांबलं होतं. विनियाना पुन्हा ट्रेकडे वळली होती, आणि चिमटे जागेवर लावत होती.

ब्रॉनविनने मला विचारलं, "ते दोघं पेशंटशी का बोलताहेत?"

"तूच म्हणालीस ना, खरी समजा," मी म्हणाले, आणि मला हुंदका फुटला. आनंदही होता आणि जळजळही. सव्वीस वर्षं थिएटरात काढलेली मी, आणि माझ्याशिवाय सतरा सेकंदांत काम झालं होतं.

त्याच दुपारी मी मेट्रनना कागद लिहून दिला. तोंडी सांगितलं असतं तर त्यांनीही विचारलं असतं, तोरिका, आता काय नवीन सोंग? अतेथाच्या ऑपरेशनच्या वेळचा माझा निरोप, जसा दिला तसा, थट्टेसकट लिहिला. वाचताना त्यांचा चेहरा हलला नाही.

"हे सुव्हाला जाईल," त्या म्हणाल्या.

"जाऊ दे."

"थिएटर सुटेल तुझं."

"माहीत आहे, मेट्रन."

विनियानाचा शेरा खोडला. सोमवारपासून मी बाह्यरुग्ण विभागात. थिएटरच्या दारात विनियानाने माझ्या हातातली टोपी घेतली, घडी घालून परत दिली. म्हणाली, "वहिनी, मला सगळं माहीत होतं. पण तुझं नाव घेतलं असतं तर त्याचंही निघालं असतं." मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. मी टोपी पिशवीत टाकली आणि गेले.

बाह्यरुग्ण विभागात मंगळवारी हाताचे व्यायाम असतात. पहिल्याच मंगळवारी अतेथा समोर येऊन बसली. आता तिचा डावा हात माझ्या हातात घेऊन बोटं एकेक करून उघडायची, मिटायची, हे माझं काम. तिची बोटं थंड होती. मी पाच वेळा उघडली, पाच वेळा मिटली, आणि मग म्हणाले, "अतेथा, हा हात माझ्यामुळे गेला. नळी सुटल्याचं मला सांगितलं होतं. ते पुढे सांगायच्या ऐवजी मी डॉक्टरची थट्टा करत बसले."

अतेथाने माझ्याकडे पाहिलं, आणि हसत सुटली. एवढी हसली की शेजारचे पेशंट वळून बघायला लागले.

"तोरिका, तोरिका! तुझी थट्टा काही सुटायची नाही! हे घे," आणि चांगल्या हाताने पिशवीतून दोन कंद काढून तिने माझ्या मांडीवर ठेवले.

मी कंद पिशवीत ठेवले आणि पुन्हा तिची बोटं उघडायला लागले.

पुढच्या मंगळवारी मी लवकर गेले. खुर्च्या बाजूला सारल्या, फरशीवर चटई अंथरली. अतेथा दारात आली तेव्हा मी खालच्या टोकाला मांडी घालून बसले होते, आणि माझ्यासमोर वर्तमानपत्रात बांधलेली जुडी होती. ती काहीतरी गमतीचं बोलायच्या बेतात होती. मग तिचं लक्ष जुडीकडे गेलं आणि तिचं हसू थांबलं. तिने चपला काढल्या, चांगल्या हाताने अधू हात सावरला, आणि माझ्यासमोर बसली.

मी ओंजळीने टाळी वाजवली.